‘आमचं आता काय राहिलंय?’ : ऐंशी-नव्वदीच्या माणसांशी जनुकं आणि जन्म यांवर बोलताना

प्रश्न समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गातल्या एका विद्यार्थिनीचा आहे. थोडक्यात असा: “सोलापुरात ऐंशीच्या पुढच्या लोकांशी जनुकीय चाचण्या, टेस्ट ट्यूब बेबी, सरोगसी यांतल्या योग्य-अयोग्याबद्दल गटचर्चा घेते आहे. पहिल्याच बैठकीत दोघीजणी झोपल्या, एक आजोबा उठून गेले आणि एक आजी म्हणाल्या, ‘आमचं आता काय राहिलंय?’ मार्गदर्शक म्हणतात, वयाची अट खाली आणा, साठीचे लोक घ्या. काय करू?”

वयाची अट खाली आणू नका. साठीची माणसं वाचलेलं मत देतात. त्यात वाईट काही नाही, पण ते तुम्हाला कुठंही मिळेल. तुमचा विषयही चुकलेला नाही. सुरुवात चुकली. तुमच्या टिपणात पहिली ओळ आहे, “जनुक म्हणजे काय, हे सोप्या भाषेत समजावले.” तिथंच आजोबा उठले असणार. चौथीनंतर शाळा सुटलेल्या माणसाला पंच्याऐंशीव्या वर्षी पुन्हा बाकावर बसवलंत.

माझ्याबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कुठून येतंय ते कळेल. तीस वर्षं मी रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका होते, त्यातली बरीचशी बालरोग आणि प्रसूती विभागात. जनुकीय समुपदेशन तिथंच शिकले. निवृत्तीनंतर सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या आणि विडी कामगारांच्या वस्तीत, अतिवृद्धांच्या बैठका घेते. खाली आलेल्या माणसांची ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.

आधी त्या आजींच्या वाक्याकडे बघू. “आमचं आता काय राहिलंय” याला आपण नकार समजतो. मीही समजायचे. पण हिशेब करा. आज अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई 1937च्या आसपास जन्मलेली. तिचं लग्न झालं तेव्हा सरकारचा कुटुंब नियोजन कार्यक्रम नुकता सुरू झाला होता, 1952 साली. बाळंतपणं घरी, सुईणीच्या हातची. 1971 साली गर्भपाताचा कायदा आला तेव्हा ती चौतिशीत होती आणि पदरात पाच-सहा पोरं होती. आणीबाणीत नवऱ्याला नसबंदीसाठी धरून नेतील म्हणून तिनं रात्री जागून काढल्या. सुनांच्या वेळी सोनोग्राफी आली आणि तिच्या डोळ्यांसमोर गल्लीतल्या मुली कमी झाल्या. 2011च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे 894 मुली निघाल्या, हे आकडे तिला माहीत नसतील, पण कुठल्या घरची सून कुठं जाऊन आली ते माहीत असतं. आता नातसून ‘टेस्ट ट्यूब’साठी हैदराबादला फेऱ्या मारते. कोण जन्मावं, कोण जन्मू नये, किती जन्मावीत, कुणाच्या रक्ताची, हे सगळे प्रश्न या बाईच्या अंगावरून गेलेत. आणि आपण तिला विचारतो, “जनुकीय चाचणीबद्दल तुम्हाला काय वाटतं?” काय वाटणार? ती म्हणते, आमचं काय राहिलंय.

म्हणून मी सोयरिकीपासून सुरुवात करते. “तुमच्या वेळी पोरगी कुठं द्यायची, हे कसं ठरायचं?” एवढं विचारलं की पाऊण तास तुम्हाला बोलावं लागत नाही.

सोलापुरात हा प्रश्न खास चालतो, कारण इथं मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही चालीरीती एका गल्लीत नांदतात. मामाच्या मुलीशी, आत्याच्या मुलाशी लग्न (तेलुगू घरांत याला ‘मेनरिकम्’ म्हणतात) तर आहेच, पण सख्ख्या मामालाच भाची देण्याची रीतही आहे. मराठीत त्याला साधं ‘बहिणीची लेक केली’ म्हणतात. 1955च्या हिंदू विवाह कायद्यात जवळच्या नात्यातल्या लग्नाला बंदी आहे, मात्र समाजात तशी रूढी असेल तर सूटही आहे. म्हणजे समोर बसलेली बाई ना गुन्हेगार, ना अडाणी. ‘रक्ताच्या नात्यात लग्नाचे दुष्परिणाम’ असा तक्ता भिंतीवर लावलात, तर तिच्या लग्नाला, तिच्या आईच्या निर्णयाला आणि तिच्या पोरांना एका दमात ‘दुष्परिणाम’ म्हटल्यासारखं होतं. मी पहिल्या वर्षी तो तक्ता लावला होता.

आकडे मात्र पक्के ठेवा, कारण बैठकीत कुणी ना कुणी विचारतंच. कुठल्याही जोडप्याच्या शंभर बाळांत दोन-तीन बाळं जन्मतः गंभीर दोष घेऊन येतात. सख्ख्या मामे-आत्तेभावंडांच्या लग्नात हा आकडा साधारण दुप्पट होतो, चार ते सहा. मामा-भाचीत नातं त्याहून जवळचं, चुलत-मामेभावंडांत आठवा हिस्सा सामाईक तर इथं चौथा, म्हणून धोकाही जास्त. पण हाच आकडा उलटा वाचला तर मामे-आत्तेभावंडांच्या लग्नात शंभरातली चौऱ्याण्णव ते शहाण्णव बाळं अशा दोषाशिवाय जन्मतात. म्हाताऱ्या बायका तो उलटाच वाचतात आणि त्यांचं चुकत नाही. “माझी सगळी धडधाकट हायत की!” असं एक आजी म्हणाल्या, तर मी फक्त “हो” म्हणाले.

एका अव्वांची, म्हणजे आजींची, गोष्ट सांगते. वय नव्वदीला टेकलेलं, मामाला दिलेली. आठ बाळंतपणं, त्यातली दोन मुलं जन्मापासून मुकी-बहिरी. गटातल्या दुसरीनं विचारलं, “सासूनं छळलं असंल की?” अव्वा हसल्या. म्हणाल्या, “सासू कोण? माझीच आजी. आईची आई. ती मला बोलणार काय आणि माझ्या आईला बोलणार काय? दोष द्यायला परकं कोणी नव्हतंच घरात.” मी तीस वर्षं वंशवृक्ष काढत आले. चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे बाई, नात्यातलं लग्न असेल तर मध्ये दुहेरी रेघ. ती दुहेरी रेघ शेकडो वेळा ओढली, पण त्या रेघेच्या आत राहणाऱ्या बाईला दोष वाटून घ्यायला कुणीच नसतं, हे मला त्या दिवशी कळलं. पुढं त्या म्हणाल्या, “मामानं मला कधी हात उगारला नाही. माझ्या थोरल्या बहिणीला परक्यात दिली, ती विहिरीत सापडली. आता तू सांग पोरी, कशात धोका जास्त?”

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. जन्मदोषांचा आकडा एका पारड्यात, तर दुसऱ्यात काय काय होतं ते आपण कधी मोजलेलंच नाही: हुंडा, अंतर, भाषा, मारझोड. तुमच्या प्रबंधाला ‘नैतिक विचार’ हवा आहे ना? तो हा. ‘स्वायत्तता’ वगैरे शब्द तुम्ही नंतर लावा. बैठकीत लावू नका.

जनुक समजावायचंच नाही का? समजावायचं, पण त्यांनी विचारल्यावर आणि त्यांच्या हातातल्या कामातून. मी कच्च्या धाग्याचं उदाहरण देते. आईकडून एक धागा, बापाकडून एक. एक पक्का असला की दुसरा कच्चा असूनही वीण टिकते आणि कच्चा धागा आत आहे हे कुणाला दिसतही नाही. दोन्हीकडून कच्चाच आला तर फाटतं. आई-बाप दोघांत एकेक कच्चा धागा असेल, तर प्रत्येक खेपेला चारात एक वेळ असं होतं. ‘प्रत्येक खेपेला’ यावर जोर द्या. नाहीतर “पहिलं आजारी निघालं, आता पुढची तीन चांगली” असा हिशेब लोक करतात. थॅलेसेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराच्या, वॉर्डात हा हिशेब करून बसलेले आईबाप मी पाहिलेत, मांडीवर दुसरं आजारी बाळ घेऊन. त्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, साठणारं लोह काढायला औषध वेगळं. लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या सुरुवातीला एक रक्तचाचणी केली असती तर निदान निर्णय तरी हातात राहिला असता.

हे उदाहरण एकदा एका निवृत्त विणकर आजोबांसमोर दिलं. चादरीच्या कारखान्यात चाळीस वर्षं काढलेले. त्यांनी मला मध्येच थांबवलं. “बाई, कच्चा धागा तुटला तर आम्ही गाठ मारतो. तुमच्या त्या जनुकाला गाठ मारता येते का?” मी म्हटलं, येते, अलीकडं येऊ लागली आहे. 2023च्या नोव्हेंबरात ब्रिटनमध्ये सिकलसेल आणि थॅलेसेमियावरच्या अशा पहिल्या उपचाराला परवानगी मिळाली: रोग्याच्याच पेशी बाहेर काढून, त्यातल्या एका जनुकावर कात्री चालवल्यासारखा बदल करून परत शरीरात सोडतात. मग दुसरंही सांगितलं, की 2018 साली चीनमध्ये एका शास्त्रज्ञानं गर्भातच, म्हणजे गर्भ अजून काचेच्या ताटलीत असतानाच जनुकं बदलली, जुळ्या मुली जन्मल्या आणि त्याला पुढं तीन वर्षांची कैद झाली. आजोबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे एका चादरीला गाठ मारणं वेगळं आणि जकार्डचे पुठ्ठेच बदलणं वेगळं.”

जकार्ड मागावर नक्षी कशी उठते हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागावर फिरते, भोक असेल तिथं धागा उचलला जातो. पुठ्ठा तोच, तर पुढची प्रत्येक चादर तशीच. रोग्याच्या रक्तपेशींतला बदल त्याच्याबरोबर संपतो, गर्भातला बदल वंशात उतरतो, हा फरक मी वर्गात शिकवताना अर्धा तास घ्यायचे. आजोबांनी एका वाक्यात सांगितला आणि वर प्रश्न टाकला, “पुठ्ठ्यात एक भोक चुकलं तर हजार चादरी वाया. तेव्हा मालक मला बोलवून विचारायचा. हितं मालक कोण?”

माझी एक मोठी चूक आता सांगते, कारण तुम्हीही ती करण्याच्या वाटेवर आहात. तुमच्या आराखड्यात लिहिलं आहे, “मुलगा-मुलगी पुरुषाच्या बीजावरून ठरते, हे शास्त्रीय सत्य सांगून वृद्ध महिलांची अपराधी भावना दूर करणे.” हेतू चांगला आहे. माझाही होता. भरल्या बैठकीत मी हे मोठ्या उत्साहानं सांगितलं: बाईकडं एकाच तऱ्हेचं बीज, पुरुषाकडं दोन तऱ्हेचं, तेव्हा मुली होण्यात बाईचा दोष असूच शकत नाही. दोन-तीन जणी टाळ्या वाजवल्यासारखं बोलल्या, “बघ, आपुन उगाच ऐकून घेतलं.” एक आजी मात्र काही न बोलता उठल्या आणि गेल्या.

आठ दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले. पाच मुलींनंतर त्यांच्या नवऱ्यानं दुसरी बायको केली होती. कायद्यानं तेव्हाही बंदी होती, आपल्या मुंबई राज्यात तर 1946पासून, पण विचारतो कोण? ती सवत अजून त्याच घरात, पलीकडच्या खोलीत, दोघींचा नवरा म्हणून मिरवणारा माणूस जाऊन वीस वर्षं झालेली. सवतीलाही दोन मुलीच झाल्या. आजी दाराकडं बघत हळू आवाजात म्हणाल्या, “मी तिला सांगितलं नाही तू काय बोललीस ते. तिला माझ्या छातीवर आणून बसवली म्हणून मी तिला चाळीस वर्षं बोलले. आता कळलं की तिला आणूनबी काही होणार नव्हतं. हे तिला कळून ती काय करंल? तिला राहू दे तसंच.”

‘न जाणण्याचा हक्क’ असं आपल्या शास्त्रात एक प्रकरण आहे. हंटिंग्टनसारख्या मेंदूच्या आनुवंशिक आजारात आई किंवा बाप आजारी असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी असते, चाचणी आहे, पण रोग रोखणारा इलाज नाही. तेव्हा चाचणी करायची की नाही हे त्या माणसानंच ठरवायचं, असं आपण शिकवतो. या आजींनी ते प्रकरण न वाचता सवतीला लागू केलं. आणि मी, प्रमाणपत्रवाली, तीसजणींना न विचारता माहिती वाटून मोकळी झाले होते. ऐंशीव्या वर्षी मिळालेल्या सत्याचं काय करायचं, याला वेळ उरलेला नसतो. कुणाला त्यानं हलकं वाटतं, कुणाचा सगळा जुना हिशेब विस्कटतो. आता मी आधी विचारते, “याबद्दल आता शास्त्र काय म्हणतं ते ऐकायचंय का?” बऱ्याच जणी हो म्हणतात. नाही म्हणणाऱ्याही असतात, आणि त्यांच्यासाठी तो विषय मी त्या बैठकीत काढत नाही. ग्रहणात सुरी धरली म्हणून नातवाचा ओठ फाटका निघाला, असं मानणारी आजी असेल तर मात्र थोडं पुढं होऊन सांगते, कारण तिथं सून अजून जिवंत आहे आणि रोज बोलणी खाते आहे.

यापुढचं सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या संमतीपत्रात ‘आपली माहिती गोपनीय राहील’ असं वाक्य आहे. कुणाची माहिती? पंच्याऐंशीचा माणूस आठवणी सांगतो तेव्हा तो चाळीस माणसांचा वैद्यकीय इतिहास सांगत असतो, आणि त्या चाळीसांपैकी कुणीही सही केलेली नसते.

एका बैठकीत विषय होता लहानपणीचे खेळ. काही गंभीर नाही. एक आजोबा सहज म्हणाले, “धाकटा भाऊ आमचा विटी-दांडूत मागं पडायचा. पिंडऱ्या ही एवढ्या फुगलेल्या, पैलवानासारख्या, पण पळता यायचं नाही. उठताना गुडघ्यावर हात टेकून टेकून उठायचा. दहाव्या वर्षी चालणं थांबलं, सतरा-अठराचा असताना गेला.” बाकीचे हळहळले आणि पुढं गेले. मी मात्र जागच्या जागी थिजले. हे वर्णन ड्युशेन स्नायूदौर्बल्याचं आहे, पुस्तकात छापावं इतकं. तो दोष आईच्या बाजूनं येतो, बायका बहुधा धडधाकट राहून तो पुढं नेतात, मुलगे आजारी पडतात. आजोबांना एक बहीण होती, ती वारलेली. तिची मुलगी, त्या मुलीची मुलगी पुण्यात, लग्न होऊन वर्ष झालेलं, हे त्यांनीच आधीच्या बैठकीत कौतुकानं सांगितलेलं.

आता शक्यता मोजा. आजोबांच्या आईत दोष असेल तर बहिणीत येण्याची शक्यता निम्मी, भाचीत त्याच्या निम्मी, नातीत आणखी निम्मी. म्हणजे आठात एक. शिवाय दर तिघा रुग्णांत साधारण एकाला हा दोष आईकडून आलेलाच नसतो, नव्यानं उद्भवतो. शिवाय सत्तर वर्षांपूर्वीच्या आठवणीवरून निदान करता येत नाही. म्हणजे कदाचित काहीच नाही. पण कदाचित आहे. रक्ताची चाचणी आहे. गर्भलिंग निदानाचा 1994चा कायदाही घराण्यातल्या लिंगसंलग्न आनुवंशिक आजारासाठी नोंदणीकृत केंद्रात गर्भतपासणीला अटींसह परवानगी देतो. लिंग सांगायला मात्र तिथंही बंदीच.

मी काय करायला हवं होतं? बैठकीतच बोलले असते तर वीस माणसांसमोर एका घराण्यावर शिक्का बसला असता आणि संध्याकाळपर्यंत पेठभर झाला असता. पुण्याच्या पोरीला परस्पर फोन केला असता तर मी आजोबांचा विश्वास तोडला असता. गप्प बसणं सोपं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी आजोबांकडं गेले आणि म्हटलं, “काल तुम्ही धाकट्याचं सांगितलंत. त्यावरून मला एक शंका आलीय. ती तुमच्या बहिणीच्या घरापर्यंत जाऊ शकते. सांगू का, की नको?” त्यांनी पंधरा दिवस घेतले. मी दोनदा चहाला गेले, विषय काढला नाही. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, “मीच बोलतो तिच्या आईशी. तू बाजूला बस, मी अडकलो तर सांग.” पुढं काय निघालं ते इथं लिहिणार नाही, ते त्या घराचं आहे.

तेव्हा तुमचा आराखडा लिहितानाच ठरवा: असं काही कानावर पडलं तर कुणाकडं जाणार, कुठला आनुवंशिकी तज्ज्ञ सल्ल्याला आहे, आणि पहिल्याच भेटीत म्हाताऱ्यांना हे सांगणार की नाही. मी सांगते. “तुमच्या बोलण्यात घरातल्या पोराबाळांच्या कामाचं काही निघालं तर मी आधी तुम्हालाच एकट्यात विचारीन.” तुमच्या आचारसंहिता समितीनं हा प्रश्न विचारला नसेल तर तुम्ही स्वतःहून घाला.

संमतीपत्राचं आणखी एक. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची 2017ची मार्गदर्शक तत्त्वं वृद्धांची जास्त काळजी घ्या म्हणतात, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्यासाठी त्रयस्थ साक्षीदार व अंगठा असा मार्ग देतात. कागदावर ठीक. पण विडी वळणाऱ्या बाईच्या बोटांवरच्या रेषा पन्नास वर्षांत झिजलेल्या असतात, अंगठा नीट उमटत नाही. आणि पुरुषांचं वेगळंच. तुमचे ते उठून गेलेले आजोबा किती वर्षांचे? नव्वदीचे असतील तर 1976 साली ते चाळिशीचे होते. त्या वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही, पण देशभर एका वर्षात ऐंशी लाखांवर शस्त्रक्रिया झाल्याच. शिकलेलं माणूस पोराबाळांविषयी विचारतंय, हातात छापील कागद, कागदाखाली अंगठ्याची जागा. त्यांना तुमची सरोगसी ऐकूच आली नसेल, त्यांना तो कागद दिसला असेल. मी पहिल्या दोन भेटींत कागद काढतच नाही, आणि त्या दोन भेटींतलं काही वापरतही नाही.

कुटुंबीयांना खोलीत बसवू नका. मुलगा बसला की आई मुलाला आवडेल ते बोलते. स्मृतिभ्रंश असेल तर मुलाची कायदेशीर परवानगी लागेल, ते खरं, पण तरीही आजींना स्वतःला यायचंय का ते त्या त्या दिवशी विचारा. विसरणारी माणसंही ‘नको’ स्पष्ट म्हणतात. समजलंय का हे तपासायला “समजलं का?” विचारू नका, सगळे हो म्हणतात. “घरी गेल्यावर नातीला काय सांगाल?” विचारा. विणकरांचे कान मागाच्या खडखडाटानं गेलेले असतात. मोठ्यानं ओरडण्यापेक्षा समोर बसून, ओठ दिसतील असं, खालच्या पट्टीत बोला. पंखा बंद करा. चाळीस मिनिटं पुरे.

टेस्ट ट्यूब आणि सरोगसी हे तुमच्या विषयपत्रिकेत पहिले आहेत. मी ते शेवटी घेते, आणि खरं सांगू, तिथं मला फारसं काही करावं लागत नाही. पुराण त्यांच्या तोंडपाठ असतं. देवकीनं जन्म दिला, यशोदेनं वाढवला, आई कोण, यावर कीर्तन ऐकतच त्या म्हाताऱ्या झाल्या. बलरामाचा गर्भ देवकीच्या पोटातून रोहिणीच्या पोटात गेला, व्यासांनी विचित्रवीर्याच्या राण्यांना पुत्र दिले, कर्णाला राधेनं पाळला. कुणीतरी अभिमानानं म्हणतंच, “हे सगळं आपल्याकडं आधीच होतं.” त्या वादात शिरू नका. तंत्र होतं की नव्हतं यापेक्षा “कर्णाला त्याची आई कोण हे कधी सांगायला हवं होतं?” हा प्रश्न टाका. दात्याच्या बीजापासून झालेल्या नातवाला खरं सांगावं का, याची इतकी बारीक चर्चा मी तज्ज्ञांच्या परिषदेतही ऐकलेली नाही. एका आजोबांचं म्हणणं होतं, लग्नाआधी सांगावं, नाहीतर नकळत भावा-बहिणीत सोयरीक व्हायची. टेस्ट ट्यूबसारख्या उपचारांविषयीच्या आपल्या 2021च्या कायद्यानं एका स्त्रीला आयुष्यात एकदाच बीजदान करता येतं, यामागं काय काय कारणं असतील असा विचार मी तेव्हा पहिल्यांदा नीट केला.

सरोगसीचा कायदाही 2021चाच. त्यात गर्भ वाढवणाऱ्या बाईला पैसे देता येत नाहीत, फक्त दवाखान्याचा व नियमात ठरवलेला इतर खर्च आणि विमा. तिचं स्वतःचं मूल असलं पाहिजे, वय पंचवीस ते पस्तीस, आणि हे एकदाच. बाईच्या पोटाचा बाजार होऊ नये हा त्यामागचा विचार, आणि मला तो पटतो. निदान पटायचा. विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या एका बैठकीत मी तो समजावून सांगितला. मांडीवरचं सूप बाजूला न ठेवता, पान कापता कापता एक आजी म्हणाल्या, “हजार विड्यांना मजुरी हाय. नऊ महिन्यांना नाही? मग त्यो डाक्टर फुकट करूलालाय का?”

पुढची बैठक सकाळी दहा-साडेदहाला ठेवा, दुपारी तीनला नाही. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, यात्रेचे दिवस टाळा. आणि त्या गल्लीत नळाला पाणी कोणत्या दिवशी येतं ते आधी विचारून घ्या, त्या दिवशी नव्वदीची बाईसुद्धा घागर घेऊन रांगेत असते.